कळकलेली कॉफी

पितळेच्या गडव्यात ताक ठेवू नये, हे आपल्याकडे कुणी शिकवत नाही आणि सगळ्यांना माहीत असतं. चुकून राहिलंच तर सकाळी काठाला हिरवट कड दिसते, तोंडात नाणं धरल्यासारखी चव येते आणि घरातली म्हातारी ते नुसतं हुंगून ओतून देते. ताक कळकलं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. ताकातलं आम्ल रात्रभरात ते थोडं थोडं सोडवून घेतं. एवढी सगळी भानगड मराठीने एका क्रियापदात बसवून ठेवली आहे.

कोल्ड ब्रू, म्हणजे गार पाण्यात भिजवून केलेल्या, कॉफीच्या बाबतीत मला हेच क्रियापद सगळ्यात उपयोगाचं वाटतं. या कॉफीवर बोलणारे लोक बियांवर बोलतात, दळण्यावर बोलतात, किती तास भिजवायची यावर तर हमरीतुमरीवर येतात. भांड्याचा विषय निघाला की ‘एखादी बाटली घ्या’ म्हणून पुढे सरकतात. गरम कॉफीत ते चालून जातं. केली, ओतली, दहा मिनिटांत संपली. ही कॉफी मात्र बारा ते अठरा तास एका भांड्यात भिजते, गाळून दुसऱ्या भांड्यात जाते आणि तिथे आठवडाभर मुक्काम करते. तिचं नातं चहापेक्षा लोणच्याशी जवळचं आहे. लोणच्याची बरणी निवडताना जी अक्कल लावतो तीच इथे लावायची. शिवाय लोणच्याला मीठ असतं, तेल असतं, भरपूर आम्ल असतं. कॉफीच्या पाण्याला यातलं काहीच राखायला नाही.

‘पण ही कॉफी तर आंबट नसते, मग पितळेनं काय होते?’ हा प्रश्न हमखास येतो. जिभेला ती गुळगुळीत लागते हे खरं. पीएच (आम्लपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) मोजला तर मात्र ४.८ ते ५.१ च्या आसपास येतो, म्हणजे गरम कॉफीपेक्षा फार वेगळा नाही. अमेरिकेच्या ‘फूड कोड’ या अन्नसुरक्षा नियमावलीत सरळ लिहिलंय की ६ पेक्षा कमी पीएचचा पदार्थ तांब्याच्या किंवा पितळेसारख्या मिश्रधातूच्या भांड्याला लागू द्यायचा नाही. म्हातारीचा नियम तोच, फक्त तिने पीएच मोजला नव्हता. कल्हई केलेलं भांडं असेल तर कथलाचा थर अखंड असेपर्यंत बचाव होतो; पण तळाशी घासून घासून पिवळं दिसायला लागलं की थर गेला म्हणायचं. नवसागराचा धूर काढत गल्लीत बसणारा कल्हईवालाही आता क्वचितच दिसतो. तेव्हा तांब्याची मडकी, पितळेच्या डेगी, हॉटेलात मिरवतात तसे तांब्याचे पेले, सगळं कॉफीपासून लांब. पितळी गंगाळाचा एक चांगला उपयोग पुढे सांगतो.

जर्मनचं बगोणं हा दुसरा मोह. (विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी: बगोणं म्हणजे पातेलं, आणि आमच्याकडे ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात. का, ते विचारू नका.) मोठं असतं, हलकं असतं, रिकामं पडलेलं असतं. एका रात्रीत त्यात काही अघटित होत नाही, पण कॉफीची वरची फुलासारखी चव जाते, मागे एक राखाडी, बोथट धातूपणा राहतो, आणि भांडं आतून काळवंडतं ते वेगळंच. दुधाच्या जुन्या कॅनही बहुतेक जर्मनच्या असतात, आणि त्यांच्या झाकणाच्या रबरात दुधाचा वास इतका मुरलेला असतो की कॉफी दुसऱ्या दिवशी नासल्यासारखी वाटते, नासलेली नसली तरी.

राहिलं स्टील, काच, चिनी माती, प्लास्टिक आणि माठ.

भिजवायला मी स्टीलला पहिला मान देईन. घरातला साधा स्टीलचा गंज (म्हणजे उभं पातेलं, लोखंडावरचा गंज नव्हे) किंवा उभा डबा पुरतो. चांगल्या भांड्याचं स्टील ३०४ प्रतीचं असतं, त्यालाच १८/८ म्हणतात: अठरा टक्के क्रोमियम, आठ टक्के निकेल. स्वस्त डब्यांत २०२ प्रत येते, तिच्यात निकेल कमी आणि मँगेनीज जास्त. लोहचुंबक खटकन चिकटला तर ते या दोन्हींतलं नाही. पण चिकटला नाही म्हणून ते ३०४ च असेल असंही नाही, कारण २०२ लाही तो चिकटत नाही. एका रात्रीच्या भिजवणीसाठी यातलं कुठलंही स्वच्छ, न गंजलेलं भांडं चालतं. स्टील चव देत नाही, उजेड आत येऊ देत नाही, पडलं तर फुटत नाही. त्याचा दोष झाकणात आहे. डब्याचं झाकण बसतं, पण हवाबंद होत नाही. रात्रभराला हरकत नाही, आठवड्याला आहे.

माप सांगून टाकतो, कारण भांड्याचा आकार त्यावरून ठरतो. शंभर ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी, आठशे मिलिलिटर पाणी. दळण ज्वारीच्या कण्यांइतकं जाड हवं. मिक्सरमध्ये करायचं तर दोन-दोन सेकंदांचे झटके द्या, सलग फिरवू नका, नाहीतर पीठ आणि गोटे एकाच वेळी तयार होतात. चिकोरी मिसळलेली बारीक फिल्टर पूड वापरली तरी कॉफी होते, पण फडकं तुंबतं आणि गाळ बाटलीपर्यंत पोचतो. गाळल्यावर सहाशे मिलिलिटरच्या आसपास घट्ट अर्क हाती लागतो, कारण भिजलेला चोथा आपल्या वजनाच्या जवळपास दुप्पट पाणी धरून ठेवतो. सुरुवातीला पूड वर तरंगते, फुगते, म्हणून एवढ्या मापाला सव्वा ते दीड लिटरचं भांडं घ्या. काठोकाठ भरलेल्या गंजात सकाळी झाकणाखालून कॉफी ओघळलेली दिसते, ती यामुळेच. भांडं पसरट नको, उभं हवं. परातीसारख्या पसरट भांड्यात वरची पूड अर्धी कोरडी राहते आणि हवा लागते ती वेगळी.

महाराष्ट्रात कॉफी पिकते म्हणून ज्या गावाचं नाव घेतात ते चिखलदरा आपल्याच अमरावती जिल्ह्यातलं, मेळघाटातलं, अकराशे मीटरच्या आसपास उंचीवरचं. तिथली कॉफी मिळाली तर आनंद. नाही मिळाली तर दक्षिणेतली कुठलीही ताजी भाजलेली घ्या. भांड्याचे नियम बदलत नाहीत.

पाण्याचे बदलतात, आणि पाणी हेही एका अर्थाने भांडंच आहे. अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तिथल्या विहिरीच्या पाण्यात कॉफी भिजवली तर खारटपणा तर येतोच, शिवाय पाण्यातले क्षार कॉफीचं आम्ल मारून टाकतात आणि उरतं ते काळं, मचूळ पाणी. मग लोक भांड्याला दोष देतात. भांडं बदलण्याआधी पाणी बदलून बघा. गावात आरओचं पाणी मिळत असेल तर ते घ्या, आणि बर्फही त्याच पाण्याचा लावा.

आता माठ. मे महिन्यात विदर्भात थंड या शब्दाचा अर्थच माठ असा होतो, म्हणून ‘काकाजी, माठात ठेवली तर नाही का चालणार?’ हे कुणीतरी विचारणारच. उत्तर दोन भागांत आहे.

माठ गार करतो तो पाझरून. भाजलेल्या मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर येतं, वाळतं, आणि वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. हवा कोरडी असेल तेवढं हे काम जोरात चालतं. म्हणून नवतपात (मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत), बाहेर ४४-४५ अंश असताना आणि हवा कडकडीत कोरडी असताना, माठातलं पाणी पंचविशीच्या आसपास येतं आणि अमृत वाटतं. त्याच माठाला ऑगस्टमध्ये कुणी विचारत नाही, कारण हवेतच ओल असते. पण पंचवीस अंश म्हणजे थंड नव्हे, उकाड्याच्या मानाने गार. अन्न सुरक्षित ठेवायचं तर ते ५ अंशांच्या खाली हवं. ५ ते ६० अंश हा जंतूंच्या वाढीचा पट्टा. माठ त्या पट्ट्याच्या ऐन मध्यात बसलेला असतो. पाण्याला ते चालतं. कॉफीत साखर फारशी नसली तरी जंतूंना पुरेल एवढं खाणं असतं.

दुसरा भाग छिद्रांचा. ज्या छिद्रांतून पाणी पाझरतं त्यांतूनच कॉफीही आत शिरते, तिच्यातला तेलाचा अंश मातीत बसतो आणि काही दिवसांत खवट होतो. माठ साबणाने धुता येत नाही, साबणही मातीत बसतो. एकदा कॉफी ठेवलेला माठ मग कॉफीचाच राहतो, आणि तोही वाईट कॉफीचा. शिवाय बाहेरून पाझरताना कॉफी ओट्यावर तपकिरी वर्तुळ काढून ठेवते. त्यावर मुंग्या येतात की नाही हे साखर घातली होती का यावर अवलंबून.

म्हणून कॉफी माठात ओतायची नाही, माठात ठेवायची. घट्ट झाकणाची काचेची बाटली माठातल्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवून ठेवा. त्या माठाचं पाणी प्यायला वापरू नका, बाटलीची बाहेरची बाजू आणि आपला हात त्यात गेलेला असतो. फ्रीजमधून काढलेली बाटली जेवणं होईपर्यंत, फार तर दोन तास, अशी ठेवायला माठ छान. रात्रभर नाही. कूलरच्या टाकीत बाटली टाकणारेही आहेत. टाकीतलं पाणी माठाएवढंच गार होतं हे मान्य, पण त्यात शेवाळ असतं, वाळ्याच्या ताटीचा कचरा असतो, आणि झाकणाच्या पेचांत ते पाणी बसतं. बाटली उघडून तोंडाला लावायची आहे, हे विसरायला नको.

माती वापरायचीच असेल तर झिलई दिलेली वापरा. भद्रावतीचा ग्रामोदय संघ कुंभारकामासाठी ओळखला जातो, आणि चिनी मातीच्या बरण्या तर लोणच्यामुळे घरोघरी असतात. झिलई अखंड असेल तर चिनी माती काचेइतकीच निर्लेप: चव घेत नाही, देत नाही, वर उजेडही अडवते, आणि जाड असल्यामुळे फ्रीजबाहेर काढल्यावर लवकर तापत नाही. बोटाने आतून चाचपा. कुठे खरखरीत लागलं, केसासारखी भेग दिसली, की तिथे आतली कच्ची माती उघडी पडली समजा. अशी बरणी मिठाला ठेवा. भिजवणीला चिनी मातीची बरणी मला स्टीलइतकीच आवडते: पूड टाका, पाणी ओता, लांब चमच्याने एकदा हलवा, तोंडाला दादरा बांधा, वर झाकण. साठवायला मात्र नाही, कारण दादरा माशी अडवतो, हवा अडवत नाही.

भिजवण कुठे ठेवायची? डिसेंबर-जानेवारीत, गोंदियाकडे पारा दहाच्या खाली जातो तेव्हा, ओट्यावर बारा तास ठेवली तरी चालते. मार्च ते जून फक्त फ्रीज, सोळा ते अठरा तास. उन्हाळ्यात स्वयंपाकघर ३६-३७ अंशांवर असतं. त्या उष्णतेत कॉफी लवकर उतरते हे खरं, पण कडवटपणाही लवकर उतरतो आणि जंतूंनाही तीच हवा मानवते.

गाळायला मांजरपाटाचं दुहेरी फडकं. नव्या कापडाला खळ असते. ती साबणाशिवाय दोनदा उकळून काढा, नाहीतर पहिली कॉफी इस्त्रीच्या दुकानासारखी लागते. फडकं पिळायचं नाही, टांगून ठेवायचं. पिळलं की बारीक गाळ आणि कडवटपणा दोन्ही खाली येतात. गाळलेला अर्क लगेच बाटल्यांत भरू नका. फ्रीजमध्येच सहा-आठ तास स्थिर राहू द्या, तळाशी गाळ बसतो, वरचं तेवढं हलक्या हाताने ओता. हा टप्पा बहुतेक लोक गाळतात, आणि मग चौथ्या दिवशी कॉफी कडू झाली म्हणतात. बाटलीत गेलेला गाळ भिजायचं थांबत नाही.

१९६४ मध्ये टॉड सिम्पसन नावाच्या अमेरिकी रसायन अभियंत्याने घरगुती कोल्ड ब्रूचं ‘टॉडी’ हे साधन काढलं. त्याची रचना बघण्यासारखी आहे: भिजवायला प्लास्टिकची बादली, तळाला गाळणीची जाड चकती आणि बूच, आणि गाळून आलेला अर्क ठेवायला काचेचा चंबू. भिजवायचं भांडं वेगळं, ठेवायचं वेगळं. आपल्याकडे मोरंब्याचा पाक कढईत होतो आणि मोरंबा बरणीत जातो, तसंच.

ठेवायला काचच. तिच्यात दोष दोन, उजेड आणि फुटणं. बंद फ्रीजमध्ये अंधार असतो, तेव्हा पहिला दोष दुकानदाराने मनावर घ्यावा, आपण नाही. दुसऱ्यासाठी एवढंच की फ्रीजमधली बाटली थेट गरम पाण्याखाली धरू नका. साध्या काचेला चाळीसेक अंशांचा अचानक फरक सोसत नाही. फ्रीजरमध्येही भरलेली बाटली नको, पाणी गोठताना नऊ टक्क्यांच्या आसपास फुगतं.

एका लिटरच्या एका बाटलीपेक्षा दोनशे मिलिलिटरच्या पाच बाटल्या केव्हाही बऱ्या. कॉफीचा वास मारतो तो प्राणवायू, आणि अर्धी रिकामी बाटली म्हणजे अर्धी हवा. मोठी बाटली रोज उघडली की रोज नवी हवा भरली जाते; पाचव्या दिवशी चव ओल्या पुठ्ठ्यासारखी होते. लहान बाटली एक बोट जागा ठेवून भरायची, उघडली की त्याच दिवशी संपवायची. घट्ट अर्क असा ४ अंशांवर सात दिवस चवीला चांगला राहतो. पाणी घालून पातळ केलेली कॉफी दोन-तीन दिवस. दूध घातलं की ती कॉफी उरली नाही, दूध झालं. त्याच दिवशी प्या. बाटलीवर कागदी चिकटपट्टी लावून तारीख आणि ‘घट्ट’ किंवा ‘पातळ’ लिहा. हे न लिहिल्यामुळे कुणीतरी घट्ट अर्क पेलाभर पितं आणि रात्रभर छताचे पंखे मोजतं.

खरी मेख मात्र झाकणात आहे. लोणच्याची काचेची बरणी सोड्याने, उन्हाने, कशानेही स्वच्छ होते. तिच्या पत्र्याच्या झाकणाला आतून जो मऊ लेप असतो त्यात हिंग, मोहरी आणि मेथी कायमची राहायला आलेली असतात. सरबताच्या बाटलीच्या झाकणात गुलाब असतो. झाकणातली सिलिकॉनची कडीही वास धरते, फक्त ती काढून उकळता येते. परीक्षा सोपी आहे. रिकामी, कोरडी बाटली झाकण लावून रात्रभर ठेवा. सकाळी उघडताक्षणी नाक लावा. काहीच आलं नाही तर पुढची परीक्षा: प्यायचं पाणी भरून फ्रीजमध्ये बारा तास, मग त्याच पाण्याच्या ताज्या घोटाशेजारी ते चाखा. पाण्याला चव लागली तर कॉफीलाही लागणार, फक्त कॉफीत ती ओळखू येणार नाही आणि तुम्ही बियांना नावं ठेवाल. नापास झालेलं झाकण बदला, बरणी ठेवा. नवी झाकणं भांड्यांच्या दुकानात सुटी मिळतात.

प्लास्टिकबद्दल थोडक्यात. पाण्याच्या एकदाच वापरायच्या बाटलीत, तळाला त्रिकोणात १ लिहिलेलं असतं तिच्यात, एका दिवसाचा प्रवास ठीक. तिच्यातून हवा हळूहळू आत जाते, कॉफीचा वास प्लास्टिक शोषतं, आणि कढत पाण्याने ती धुतली की आक्रसते, म्हणजे नीट धुताच येत नाही. त्रिकोणात ५ असलेला डबा जास्त टिकाऊ, पण आतून चरे पडले की चऱ्यांत जंतूंची वस्ती होते. राखेने भांडी घासायची सवय असेल तर खास सांभाळा: राख अल्कधर्मी असते, कॉफीचं तेल ती झकास काढते, स्टीलला उत्तम. प्लास्टिकला तीच राख चरे पाडते.

शेतावर न्यायला थर्मास. त्यात आधी बर्फाचं पाणी दहा मिनिटं ठेवा, ते ओतून मग फ्रीजमधली कॉफी भरा, काठापर्यंत. कधी चहा भरलेला थर्मास असेल तर वरची परीक्षा त्यालाही लावा. बहुतेक नापास होतात.

आता जी गोष्ट चवीची नाही, जिवाची आहे. काही जण कॉफी बाटलीत घट्ट बंद करून मांडणीवर ठेवतात: हवाबंद आहे, म्हणजे लोणच्यासारखी टिकेल. टिकत नाही. ४.६ पेक्षा जास्त पीएच, हवा नाही, आणि थंडावा नाही, ही क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूच्या सोयीची जागा. त्याच्या विषाने चव बदलेलच असं नाही, वास येईलच असं नाही. २०१७ साली अमेरिकेत एका कॉफी कंपनीने आपले कोल्ड ब्रूचे डबे याच शक्यतेपायी बाजारातून परत मागवले होते. नायट्रोजन भरलेले, पॅकबंद, कारखान्यातले डबे. घरच्या बाटलीची काय कथा. झाकण जितकं घट्ट तितका फ्रीज आवश्यक, असं नातं आहे हे. झाकण उघडताना फस्स आवाज आला, पृष्ठभागावर साय दिसली, आंबूस वास आला, तर चाखून बघायचं नाही, ओतायचं. यातलं काहीच नसलं आणि बाटली दिवसभर बाहेर राहिली असली, तरीही ओतायचं.

मग लाईन गेली तर? दार न उघडलेला फ्रीज साधारण चार तास थंडी धरतो असं मानतात. ते हिशेब माफक उन्हाळ्याच्या देशांतले. चंद्रपूर-अकोल्याच्या दुपारी ते चार तास मी तीन धरीन. बाटल्या दारातल्या कप्प्यात ठेवू नका, तो फ्रीजचा सगळ्यात गरम भाग. मागे, खालच्या फळीवर, एकमेकींना चिकटून ठेवा. भरलेला फ्रीज रिकाम्यापेक्षा जास्त वेळ थंड राहतो, म्हणून शेजारी पाण्याच्या बाटल्याही भरून ठेवल्या तर कॉफीला आधार होतो.

पाहुणे पन्नास असले की प्रश्न कॅम्परचा, म्हणजे थंड पाण्याच्या तोटीवाल्या मोठ्या जारचा, येतो. माणशी दीडशे मिलिलिटर धरा: साठ मिलिलिटर अर्क, नव्वद मिलिलिटर पाणी आणि बर्फ. म्हणजे तीन लिटर अर्क, त्यासाठी अर्धा किलो कॉफी आणि चार लिटर पाणी, आणि भिजवायला सहा लिटरचा स्टीलचा गंज. इथपर्यंत ठीक. मग तयार कॉफी वीस लिटरच्या थंड पाण्याच्या कॅम्परमध्ये ओततात, वरून बर्फाचा तुकडा टाकतात, आणि तीन गोष्टी बिघडतात. वीस लिटरच्या कॅम्परमध्ये साडेसात लिटर कॉफी म्हणजे बाकी सगळी हवा. बर्फ विरघळत जातो तशी पहिल्या पाहुण्याला कडक आणि शेवटच्याला पाणचट मिळते. आणि तो बर्फ कुठला? लादीचा असेल तर तो खाण्याचा आहे का ते आधी विचारा. न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालायचा नियम २०१८ पासून आहे.

यापेक्षा अर्क बाटल्यांतच राहू द्या. पितळी गंगाळ काढा, त्यात बर्फ आणि पाणी दोन्ही घाला (नुसत्या बर्फाचा स्पर्श बाटलीला ठिकठिकाणी होतो, पाण्याचा सगळीकडून), मूठभर जाडं मीठ टाका, बाटल्या त्यात उभ्या करा. गंगाळ कॉफीला लागत नाही, लादीचा बर्फही लागत नाही, आणि दिसतंही देखणं. मीठ घातलेलं पाणी पितळेत रात्रभर मात्र ठेवू नका. कॅम्परमध्ये फक्त प्यायचं गार पाणी. साठ मिलिलिटर मोजायला टपरीवरचा छोटा कागदी कप जवळपास बरोबर असतो. एकदा मापून खूण करून ठेवा. बर्फाऐवजी त्याच कॉफीचे खडे जमवलेले असतील तर कॉफी पातळ होण्याचा प्रश्नच मिटतो, फक्त फ्रीजरमध्ये शेजारी उघडी मासळी नको.

तरीही कुणी कॅम्परमध्येच ओतायचा हट्ट धरला, तर दहा लिटरचा घ्या, तासभर आधी बर्फाच्या पाण्याने गार करा, आणि तोटीकडे बघा. तोटी नुसती वरून धुतलेली पुरत नाही. आतून हात घालून नट सोडवा, तोटी बाहेर ओढा. दोन रबरी वायसर निघतील, एक आतलं, एक बाहेरचं. त्यांच्यामध्ये जो बुळबुळीत तपकिरी थर दिसेल तो मागच्या लग्नातल्या पन्ह्याचा, मठ्ठ्याचा आणि कशाकशाचा. वायसर सोड्याच्या गरम पाण्यात अर्धा तास, तोटीच्या नळीत बाटलीचा बारीक ब्रश, मग जोडणी. आतलं वायसर उलटं बसलं तर तोटी थेंब थेंब गळते. कॉफी येताना अडखळली तर तोटीला झटके देऊ नका. वरचं झाकण अर्धा फेरा सैल करा, आत हवा गेली की धार सुरू होते. पहिला पेला टाकून द्या. चार तासांनी जे उरेल तेही.

पेल्यांवर वाद घालण्यात फार अर्थ नाही. काचेचा रुंद तोंडाचा ग्लास मला बरा वाटतो, थंड कॉफीला वास आधीच कमी येतो आणि रुंद तोंडात नाकाला थोडी जागा मिळते. स्टीलचा पेला ओठाला जास्त गार लागतो, पण पातळ भिंतीतून उष्णता आत जाते आणि बर्फ भराभर जातो. उन्हात बसलेल्या माणसाला तो अर्धाच भरून दोनदा द्यावा. मातीच्या कुल्हडात पहिला घोट मातीच्या वासाचा येतो. काहींना तो आवडतो. कुल्हड आधी पाण्यात बुडवून काढला तर तो कॉफी कमी पितो.

रिकाम्या बाटल्या त्याच दिवशी धुवा. कोमट पाणी, चमचाभर खायचा सोडा, मूठभर तांदूळ, आणि हलवा. ब्रश पोचत नाही तिथे तांदूळ पोचतो. वासाचा साबण नको. मग अंगणात उन्हात, बाटल्या खाटेच्या जाळीवर उपड्या, आणि झाकणं त्यांच्यावर न लावता वेगळी, आतली बाजू वर करून.